सामान लादलेल्या सायकलला आंबेनळीसाठी किती हलका गिअर हवा?

प्रश्न

डिसेंबरमध्ये पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याच्या जेटीवरून वेसवी, केळशी, दापोली, खेड असे करत पोलादपूर गाठायचे आणि तेथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढायचे, असा बेत आहे. सायकलला पुढे ५०/३४ आणि मागे ११-३२ दात्यांच्या चक्रांचे शिमानोचे आठ स्पीडचे गिअर असून चाके ७००×३५ आहेत. माझे वजन ७०, सायकलचे १४ आणि सामानाचे १८ किलो. गेल्या वर्षी एवढ्याच सामानानिशी वरंधा घाट चढताना सर्वांत हलक्या गिअरवर येऊनही बोट शिफ्टरवर आणखी एक ‘टक्’ शोधत राहिले; शेवटी तीनेक किलोमीटर सायकल ढकलली आणि पुढे दोन दिवस गुडघे कुरकुरत होते. दुकानदाराचे म्हणणे, दम वाढवा. मागे ३६ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घेतली तर भागेल का?

प्रतिसाद १

भागणार नाही. ३४×३२ वर, म्हणजे पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांच्या चक्रावर, पेडलच्या एका फेऱ्यात आपली सायकल सुमारे २.३ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी ८.३ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. आपण, सायकल आणि सामान मिळून १०२ किलो ओझ्यासह ८ टक्के चढावर त्यासाठी दोनशेच्या वर वॉट लागतात, आणि हौशी माणसाला ते तासभर टिकवणे जड जाते. मागे ३६ लावल्याने फरक पडेल तो जेमतेम ११ टक्क्यांचा. पुढे ४८/३६/२६ ची ट्रेकिंग क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढची तीन चक्रे) आणि मागे ११-३४ घेतल्यास २६×३४ वर तेच ६० फेरे ताशी ६ किलोमीटरला मिळतात आणि काम दीडशे वॉटच्या आसपास होते. वरचा ५०×११ गेल्याचे दुःख करू नये. सामान घेऊन उतारावर कोणी पेडल मारत नाही.

प्रतिसाद २

एवढा खर्च करण्याआधी सामान चार किलोंनी कमी करून पाहावे, असे मला वाटते.

प्रतिसाद १

अवश्य करावे, परंतु १०२ पैकी चार किलो म्हणजे चार टक्के. ३४ ऐवजी २६ ची चेनरिंग (पुढचे चक्र) २४ टक्के देते.

प्रतिसाद ३

पुढचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) रोड सायकलचा, ट्रिपलसाठीचा म्हणजे तीन चक्रांसाठीचा घ्यावा, कारण रोड शिफ्टर आणि एमटीबीचा (माउंटन बाइकचा) पुढचा डिरेलर यांचे केबल ओढण्याचे माप जुळत नाही. मागे मात्र आपल्या शिफ्टरला शिमानोचा नऊ स्पीडचा लांब पिंजऱ्याचा एमटीबी डिरेलर व्यवस्थित चालतो. साखळी ४८×३४ ला पुरेल इतकी लांब ठेवावी. २६×११ वर ती लोंबू शकते, पण त्या जोडीवर जायचे कारणच नाही. २६ च्याही खाली उतरण्याचा मोह टाळावा, कारण ताशी पाचच्या खाली, विशेषतः सगळे वजन मागच्या कॅरिअरवर असताना, पुढचे चाक डगमगू लागते. तंबू हँडलबारवर बांधा. आणि पुढची चेनरिंग चढ सुरू होण्याआधी बदला. ऐन चढावर जोर लावून बदलली की साखळी आत पडते आणि काळ्या हातांनी घाटात उभे राहावे लागते.

धागाकर्ता

क्रँक, डावा ट्रिपल शिफ्टर आणि दोन्ही डिरेलर मागवले आहेत, तंबू पुढे घेतो आहे. नव्या क्रँकला बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरते तो आस) कोणत्या लांबीचा लागेल, एवढे मात्र मागवण्याआधी पाहायचे राहून गेले.