शब्दचर्चा : 'प्रोग्नॉस्टिक मार्कर' आणि 'प्रेडिक्टिव्ह मार्कर'

प्रश्न :
नमस्कार मंडळी. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. 'प्रोटीन बायोमार्कर', म्हणजे आजाराची माहिती देणारं प्रथिन, यासाठी जैवचिन्हक, जैवसूचक, जैवदर्शक असे बरेच शब्द सापडले, त्यातला एखादा घेता येईल. अडले आहे ते पुढे. एकाच पानावर 'प्रोग्नॉस्टिक मार्कर' आणि 'प्रेडिक्टिव्ह मार्कर' असे दोन प्रकार येतात. दोन्हीला 'भाकीत करणारा' लिहिलं तर पुढचा परिच्छेदच निरर्थक होतो. नेमका फरक काय, आणि साध्या मराठीत तो कसा दाखवावा?

प्रतिसाद १ :
ताई, पॅथॉलॉजीत काम करते म्हणून लिहिते. 'जैवसूचक' चांगला आहे, पण पहिल्या उल्लेखात 'बायोमार्कर' जरूर द्या. नातेवाइकांच्या तोंडी 'मार्कर'च असतं : "मार्करला ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) पाठवलाय, रिपोर्ट यायचाय." आणि तेवढ्या एका शब्दात दोन वेगळ्या तपासण्या येतात. रक्तातला सीए १५-३ हाही मार्कर आणि गाठीच्या तुकड्यावर पाहतात ती ईआर, पीआर (ही दोन संप्रेरकांना पकडणारी), हर-टू (पेशीला वाढीचा इशारा देणारं) ही प्रथिनंही मार्करच. पुस्तिकेत 'रक्तातला' की 'गाठीतला' हे प्रत्येक वेळी लिहा.

आता तुमची जोडी. प्रोग्नॉस्टिक म्हणजे हा आजार पुढे कसा वागेल, परत उलटण्याची शक्यता किती, हे सांगणारा. प्रेडिक्टिव्ह म्हणजे अमुक एक औषध या गाठीवर चालेल की नाही, हे सांगणारा. पहिला आजाराबद्दल बोलतो, दुसरा औषधाबद्दल. मी 'रोगगतिसूचक' आणि 'उपचारसूचक' असे शब्द सुचवेन. जड वाटले तर 'आजाराचा कल सांगणारा' आणि 'औषध लागू पडेल का ते सांगणारा' असं सरळ लिहा. 'भाकीत' मात्र नको. त्याला ज्योतिषाचा वास आहे, आणि रुग्ण ते वाक्य निकालासारखं वाचतो.

फरक हर-टूच्या गोष्टीत सगळ्यात स्वच्छ दिसतो. १९८७ साली डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवलं, की ज्यांच्यात हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत त्या बायकांचा आजार लवकर उलटतो. तेव्हा हर-टू हा फक्त रोगगतिसूचक होता, आणि वाईट बातमी देणारा. १९९८मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली. हे औषध त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. तेव्हापासून हर-टू उपचारसूचकही झाला. प्रथिन तेच, पण रुग्णासाठी रिपोर्टातल्या त्या ओळीचा अर्थ पार बदलला. ईआरही दोन्ही कामं करतो : ईआर असलेली गाठ पहिल्या काही वर्षांत तरी सहसा सबुरीने वागते, आणि टॅमॉक्सिफेनसारख्या संप्रेरकविरोधी गोळ्या तिच्यावरच चालतात.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगते, कारण घरोघरी घोळ इथेच होतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट हे कोरोनाने सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलंय. "ईआर पॉझिटिव्ह आलं" म्हटलं की घरचे धसकतात, आणि "तिन्ही निगेटिव्ह" म्हटलं की सुटल्यासारखा श्वास सोडतात. खरं तर तिन्ही निगेटिव्ह असलेल्या गाठीवर संप्रेरकविरोधी गोळ्या चालत नाहीत आणि नेहमीची हर-टूविरोधी औषधंही लागू पडत नाहीत, म्हणून तिथे केमोथेरपीवर जास्त भिस्त ठेवावी लागते. पुस्तिकेत 'ईआर आढळलं' आणि 'ईआर आढळलं नाही' असं लिहा.

आकड्यांचंही तसंच. एकाच फाइलमध्ये 'ग्रेड ३', 'स्टेज २' आणि 'हर-टू ३+' असतं. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, स्टेज म्हणजे आजार किती पसरला, आणि ३+ म्हणजे पेशीच्या कडेला हर-टूचा रंग किती गडद आणि अखंड चढला. सूक्ष्मदर्शकाखाली ईआरचा तपकिरी रंग पेशीच्या केंद्रकात दिसतो, हर-टूचा पेशीच्या कडेने, कुंपणाच्या जाळीसारखा. दहा टक्क्यांहून जास्त पेशींत ती जाळी पूर्ण आणि गडद असेल तर ३+. २+ आलं तर कौल अर्धवट असतो, म्हणून जनुक मोजायची फिश तपासणी करतात. लोक 'तीन प्लस'ला 'तिसरी स्टेज' समजतात, ती गल्लत एका वाक्यात दूर केलीत तर मोठं काम होईल.

प्रतिसाद २ :
'प्रोग्नोसिस'ला आयुर्वेदात जुना शब्द आहे : साध्यासाध्यता. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, असाध्य अशी वर्गवारी चरकसंहितेत येते. 'साध्यासाध्यता-सूचक' म्हटलं तर?

प्रतिसाद १ :
सर, शब्द सुरेख आहे, आणि 'याप्य', म्हणजे उपचार चालू आहेत तोवर काबूत राहणारा, ही कल्पना तर पसरलेल्या स्तनकर्करोगाला फार नेमकी बसते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मी तो आनंदाने वापरेन. पण रुग्णाच्या हातात 'असाध्य' हे अक्षर पडू नये असं मला मनापासून वाटतं. इथे सांगायची आहे ती शक्यता. शंभरातल्या इतक्या जणींचा आजार उलटत नाही, एवढंच. त्या शब्दातून मात्र कायमचा शिक्का ऐकू येतो.

प्रश्नकर्ती :
खूप आभार. पुस्तिकेत एक भारतीय चाचणीही आहे, कॅनअसिस्ट ब्रेस्ट. ती कुठल्या खणात टाकू? आणि केआय-६७?

प्रतिसाद १ :
कॅनअसिस्ट बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची. ईआर किंवा पीआर आहे, हर-टू नाही, अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठींसाठी. सीडी४४, एबीसीसी४, एबीसीसी११, एन-कॅडहेरिन आणि पॅन-कॅडहेरिन या पाच तपासण्या प्रथिनांवर करतात, त्यांना गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतल्या लसिकाग्रंथींची स्थिती जोडतात, आणि पाच वर्षांत आजार दूरच्या अवयवात उलटण्याचा धोका कमी की जास्त ते काढतात. म्हणजे रोगगतिसूचक. केमो टाळता येईल का, या निर्णयाला तिची मदत होते, म्हणून लोक तिला उपचारसूचक समजतात. तसं लिहू नका. ऑन्कोटाइप या दुसऱ्या चाचणीशी गल्लतही नको : ती २१ जनुकांचा आरएनए मोजते, प्रथिनं नव्हे.

केआय-६७ म्हणजे विभागणीच्या तयारीतल्या पेशींचं प्रमाण. नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आलं, ६७ हा तिथल्या प्रयोगातल्या खाचांच्या तबकडीतल्या एका खाचेचा क्रमांक. तोही रोगगतिसूचकच. ईआर असलेल्या, हर-टू नसलेल्या सुरुवातीच्या गाठीत ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त, या दोन टोकांवर भरवसा ठेवता येतो. मधल्या आकड्यांत एकाच स्लाइडवर दोन प्रयोगशाळांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. पुस्तिकेत '१४ टक्क्यांच्या वर म्हणजे धोका' अशी एकच रेघ ओढलेली असेल तर ती बदलून घ्या, आणि मूळ मजकूर लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा.