ब्रायटनचा बिनकपड्यांचा किनारा: कुणी गेलंय का?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही परभणीचे, समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास. पुढच्या महिन्यात लेकाकडे इंग्लंडला, ब्रायटनला चाललोय. तिथं मरीनाजवळ १९८० पासून विवस्त्र बसण्या-पोहण्यासाठी राखलेला सार्वजनिक किनारा आहे. ही म्हणते, "गंगाखेडला गोदावरीत डुबकी मारताना टॉवेल सोडत नाही तुम्ही, तिथं काय दिवे लावणार!" खरंय, पण एकदा जायचंच.

लेकाला विचारायची सोय नाही. कपडे घालून नुसतं बसलेलं चालतं का, की लोक टकामका बघतात? मोबाइल खिशात असला (खिसा कुठला म्हणा!), पिशवीत असला तरी कुणी हरकत घेतं का? वाळू नाही, सगळे गोटेच आहेत, मग चपला कसल्या न्याव्यात? अनुभव असेल त्यांनी सांगा, थट्टा नंतर करा.