लाल फीत बांधली म्हणजे जबाबदारी संपली का?

रानवाट :
एन्ड्युरन्स राइडमध्ये, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात. इथे कॅलिफोर्नियात मी पाण्याच्या टाक्यांवर आणि व्हेट चेकला, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरी तपासणीला, मदतीला असते. फीत बांधली, आता बाकीच्यांनी सांभाळावं, असं मानणारे फार दिसतात. माझं स्पष्ट मत, असा घोडा गर्दीच्या स्टार्टमध्ये आणूच नये. पहाटेच्या अंधारात सगळे घोडे उसळत असताना फीत दिसते कुणाला? 50 मैलांना 12 तास मिळतात. सगळे गेल्यावर दहा मिनिटांनी निघालात तर तुमचं घड्याळ चालूच राहील, पण कुणाची नडगी फुटणार नाही. शेजारच्या घोड्याला मारलेली लाथ कित्येकदा त्याच्यावरच्या स्वाराच्या पायावर बसते.

खोगीर_पुणे :
ताई, अजिबात पटलं नाही. फीत बांधणारा निदान खरं सांगतोय. त्यालाच मागे ढकललंत तर पुढच्या राइडला तो फीत घरीच ठेवून येईल, मग काय कराल? घोड्याला थेट शेपटीमागचं दिसत नाही. अचानक कुणी येऊन चिकटलं की गरीब घोडासुद्धा पाय उचलतो. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याच्या मागच्या टाचा दिसल्या पाहिजेत, हे पहिल्या दिवशी शिकवतात. हे न पाळणाऱ्यांना आधी बाहेर काढा.

रानवाट :
अंतर हवंच, त्यात वाद नाही. पण अरुंद वाटेवर काय? सिएरा नेवाडातल्या टेव्हिस कप या राइडला 100 मैल 24 तासांत संपवायचे असतात, आणि कित्येक ठिकाणी एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे ओलांडणारा लाथेच्या टप्प्यातूनच जाणार. त्याने हाक द्यावी, चाल कमी करावी, कबूल. पण लाल फीतवाल्यानेही जागा मिळताच बाजूला व्हावं आणि घोड्याचं तोंड वाटेकडे, पुठ्ठा म्हणजे मागचा भाग वाटेपासून दूर ठेवून उभं राहावं. हे करणारे फार थोडे.

तापीकाठ :
आपल्याकडची अडचण वेगळी आहे. देशी घोडे सहसा खच्ची करत नाहीत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बघा, नर किती असतात ते. आपल्या राइडला मारवाडी-काठेवाडी नर येतात आणि शेजारी माजावरची घोडी असते. परदेशात बऱ्याच ठिकाणी नराला पिवळी फीत लावतात, ती आपल्याकडे आधी सक्तीची करा. आणि खरा घोळ स्वारीत नाही, उतरल्यावर होतो. व्हेट गेटवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, मोतद्दार (घोडा सांभाळणारा) दोरी सैल सोडून फोनवर बोलत असतो, नर खिंकाळत पुढे सरकतो, आणि शेजारच्या घोड्याची 60 वर आलेली नाडी झर्रकन 70 च्या वर. मिनिटाला 64 ठोक्यांची मर्यादा, त्याखाली आल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. ज्याने काहीच केलं नाही तो अडकला.

दुडकी :
शिस्त शिस्त म्हणत राइडची सहल करू नका. टाकीवर सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत थांबायचं, हा नियमही मला जाचक वाटतो. माझा घोडा प्यायला, मी निघालो. बाकीच्यांच्या घोड्यांना मी का बांधील?

रानवाट :
दुडकी, टाकीपाशी उभं राहून एकदा बघा. तहानलेला घोडा तोंड घालतो, घोटागणिक त्याचे कान मागेपुढे होतात. शेजारचा निघाला की मान वर. ओठांतून पाणी गळत असतं, पोट भरलेलं नसतं, तरी तो मागे धावायला बघतो. कळपातलं जनावर ते, एकटं मागे राहायला घाबरतं. उन्हात चालणारा घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो. पाणी राहिलं की पुढे पोटशूळ होतो, स्नायू आखडतात, आणि प्रकरण जिवावरही बेततं. अर्धा मिनिट थांबण्याला तुम्ही जाच म्हणता, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि घोड्याचं अंग पुसलेला, घामाने आणि इलेक्ट्रोलाइटने (क्षारांनी) भरलेला स्पंज पिण्याच्या टाकीत बुडवू नका. त्यासाठी वेगळी बादली ठेवलेली असते.

दुडकी :
माझ्यामागे घोडा एकटा राहणार असेल तर थांबेन. पण दहा जण रांगेत असतील तर नाही.

खोगीर_पुणे :
पाण्याचं शंभर टक्के मान्य. स्टार्टचं नाही. लाल फीत असो-नसो, सगळ्यांनाच पाच-पाचच्या गटांत सोडा, म्हणजे खरं सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही.

रानवाट :
गटांत सोडायला माझी हरकत नाही. लाल फीतवाला मात्र शेवटच्या गटात, आणि त्या गटातही सगळ्यांच्या मागे.