चाकूसाठी स्टील कोणतं घ्यावं? डी२, ४४०सी, व्हीजी-१०, १०९५... वाचून डोकं गरगरतंय

डोंगरभटक्या
नमस्कार मंडळी. दोन चाकू घ्यायचेत. एक स्वयंपाकघरात रोजच्या चिरण्याला आणि दुसरा जंगलात सोबत ठेवायला, म्हणजे काठी तासणं, दोरी कापणं, जाळासाठी बारक्या ढलप्या काढणं असली कामं. साधी गोष्ट वाटली होती पण बघायला लागलो तर प्रत्येक पात्यावर काहीतरी वेगळंच, एकावर ४४०, एकावर डी२, एकावर व्हीजी-१०, एकावर नुसतं 'सर्जिकल स्टील', आणि खाली कुठेतरी एचआरसी ५८ नाहीतर एचआरसी ६२. एचआरसी जास्त म्हणजे चाकू भारी असं धरायचं का? दोन्हीला एकच स्टील चालेल का? घरातला चाकू वापरून झाल्यावर लगेच पुसला जाईलच असं नाही, त्यामुळे गंजाची काळजी आहे. धार मीच लावणार, माझ्याकडे एक साधा दोन बाजूंचा दगड आहे तेवढाच.

पोलादवाचक
एचआरसीपासूनच सुरुवात करतो. एचआरसी म्हणजे रॉकवेल सी, हिऱ्याचं टोक ठरलेल्या भाराने स्टीलमध्ये दाबतात आणि ते किती आत गेलं त्यावरून आकडा येतो. आकडा मोठा म्हणजे धार दाबाखाली सहज वळणार नाही, बस, त्यातून एवढंच कळतं. धार झिजेल किती लवकर, आपटल्यावर टवका उडेल का, गंज चढेल का, ह्यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. एकाच स्टीलला जसजसं कडक कराल तसतसा त्याचा चिवटपणा कमी होतो, म्हणून ६२चं पातं बारीक चिरण्याला मस्त पण त्याच पात्याने हाड किंवा वाळलेली गाठाळ फांदी तोडायला गेलात तर धारेला चंद्रकोरीसारखे टवके पडणार.

आता स्टील. लोखंडात कार्बन नसेल तर तापवून पाणी दिलं, म्हणजे एकदम गार केलं, तरी ते कडक होत नाही. साधारण ०.५ टक्क्याच्या पुढे कार्बन असला की चाकूलायक कडकपणा मिळायला लागतो. त्यात १० टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा इतका पातळ थर बनतो की दिसतही नाही, तोच गंज अडवतो. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून स्टीलवर काम करत होता, त्याने ओतलेल्या एका स्टीलमध्ये १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्का कार्बन होता, ते गंजेना, आणि ते आधी वापरात आलं ते सुऱ्या करायलाच. चाकूवाल्यांना ह्याचं अप्रूप वाटायला हवं खरं तर.

पण सगळं स्टेनलेस चाकूचं नसतं. भांड्यांचं ३०४ घ्या, त्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन नावालाच. त्याची आतली रचना अशी की हीट ट्रीटमेंटने, म्हणजे तापवून पाणी देऊन, ते कडक होतच नाही. त्याचं पातं दिसायला चकचकीत, पण धार फार टिकत नाही. चुंबक लावून बघा, ३०४ला जवळपास चिकटत नाही आणि चाकूच्या स्टेनलेसला घट्ट चिकटतं. चिकटलं म्हणजे चांगलंच असं नाही, पण चिकटलंच नाही तर ते पातं सोडून द्या.

'सर्जिकल स्टील' हा कुठला ग्रेड नाही. 'हाय कार्बन स्टेनलेस' हेही तसंच मोघम. आणि नुसतं ४४० लिहिलं असेल तर ए, बी की सी ते विचारा, कारण ४४०एमध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के आणि ४४०सीमध्ये ०.९५ ते १.२०, म्हणजे नाव सारखं असून स्टील वेगळं.

भट्टीवाला
वर ग्रेडचं छान सांगितलंय पण मला हीट ट्रीटमेंटवर बोलायचंय कारण लोक तिकडे बघतच नाहीत. मी पाती घडवतो, मुख्यतः १०८४ आणि ५१६० ह्या स्टेनलेस नसलेल्या कार्बन स्टीलची. आधी सांगून टाकतो, साधं १०८४ नीट पाणी दिलेलं असेल तर ते भलत्या मोठ्या नावाच्या पण घाईत केलेल्या पात्याला कधीही मागे टाकतं.

१०८४मध्ये काय करायचं तर सुमारे ७७० अंशांला चुंबक चिकटायचं थांबतं, तिथून अजून थोडं वर, ८१५च्या आसपास न्यायचं, सगळीकडे सारखा रंग आला पाहिजे, आणि कोमट केलेल्या तेलात सरळ बुडवायचं. पातं वाकडं आत गेलं तर वाकडंच बाहेर येतं. ह्या क्षणी ते काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच २०० अंशांला दोन तास, गार करून परत दोन तास. ह्या टेंपरिंगमध्ये थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. एखाद्याने टेंपरिंगचं एक आवर्तन गाळलं तर बाहेरून काही कळत नाही, तेच पॉलिश, तीच मूठ, आणि टोक मोडतं तेव्हा लोक स्टीलला नावं ठेवतात.

१०९५ला हेच जास्त अवघड आहे, ते लाल असताना सेकंदभराच्या आत खाली गार व्हावं लागतं, त्याला पातळ, वेगाने उष्णता ओढणारं तेल लागतं. ५१६० त्या मानाने शांत स्वभावाचं, ०.६ टक्का कार्बन आणि थोडं क्रोमियम, गाडीच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये हेच किंवा ह्याच्या जवळचं स्टील असतं. कोयता, मोठा सुरा, आपटायचं काहीही असेल तर हेच. फक्त जुनी वापरलेली पाटी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वर्षानुवर्षं वाकून तिच्यात डोळ्याला न दिसणारे तडे असू शकतात, आणि ती नक्की कुठल्या ग्रेडची ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. नवीन सळई किंवा पट्टी ग्रेड विचारून घ्या.

स्टेनलेस मात्र घरच्या भट्टीत करायच्या फंदात पडू नका. त्याला १०५० अंश किंवा त्याहून वर ठरावीक वेळ धरून ठेवावं लागतं, ते इलेक्ट्रिक फर्नेसचंच काम.

कडक झालंय का बघायचं असेल तर धारेच्या जवळ कानस फिरवा. कानस चावली तर पातं मऊ, घसरली तर कडक.

सहाणेवरची
प्रश्नातलं शेवटचं वाक्य कुणी धरलंच नाही! साधा दोन बाजूंचा दगड आहे म्हणालात ना, मग स्टील तिथूनच ठरवा.

मी धार लावायचं काम करते आणि रोज बघते, लोक महागातलं पावडर स्टीलचं (धातूची पूड दाबून बनवलेल्या स्टीलचं) पातं घेतात, एस३०व्ही, एम३९०, आणि बोथट झालं की हतबल होतात. ह्या स्टीलमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम असतं, ते कार्बनशी मिळून व्हॅनेडियम कार्बाइडचे कण बनवतं. त्या कणांचा कडकपणा २८०० विकर्सच्या (हेही कडकपणा मोजायचं एक माप) आसपास, आणि तुमच्या साध्या दगडातलं ॲल्युमिनियम ऑक्साईड २००० विकर्सच्या आसपास. म्हणजे दगडापेक्षा कण कडक. कार्बाइडभोवतीचं स्टील झिजतं, कण तसेच राहतात, धार येते पण मनासारखी येत नाही आणि हात दुखून येतो. असल्या पात्याला डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी लागते. ती आहे तर बेलाशक घ्या, धार खरोखर खूप दिवस टिकते.

नसेल तर बारीक दाण्याचं स्टेनलेस घ्या, १४सी२८एन किंवा एईबी-एल. एईबी-एल मूळचं दाढीच्या ब्लेडसाठी बनवलेलं, कार्बन ०.६७ आणि क्रोमियम १३ टक्के, मोठाले कार्बाइड नाहीतच त्यात, त्यामुळे साध्या दगडावर थोड्या वेळात अशी धार येते की हातावरचे केस उडतात. १४सी२८एन त्याच घराण्यातलं, क्रोमियम १४ आणि वर थोडा नायट्रोजन, त्यामुळे गंज अजून कमी. धार एस३०व्हीइतकी टिकणार नाही, पण लावायला सोपी असल्यामुळे माणूस लावतो तरी. जी धार लावलीच जात नाही तिचा काय उपयोग.

आणि कोन! स्वयंपाकघरातल्या पातळ पात्याला एका बाजूने १५ अंश, जंगलातल्याला २० ते २५. कुठल्याही स्टीलचं पातं धारेमागे जाड असेल तर ते चिरत नाही, फाडतं. दुकानात चाकू हातात घेऊन धारेच्या वरचा भाग नखांनी चिमटीत पकडून बघा, जाडी लगेच कळते.

अजून एक, फिरत्या कोरड्या ग्राइंडरवर धार लावून घेऊ नका. ठिणग्या उडताना धारेची कड निळी पडली म्हणजे ती ३०० अंशांच्या घरात गेली, तिथलं टेंपर गेलं, आता तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. आतल्या चांगल्या स्टीलचा त्यात काही दोष नसतो.

डोंगरभटक्या
बापरे, किती कळलं एका दिवसात, सगळ्यांचे मनापासून आभार. डायमंड प्लेट नाहीये, त्यामुळे घरासाठी १४सी२८एनकडे कल झालाय. पण जंगलाच्या चाकूसाठी डी२ बरेच जण सुचवतायत, शिवाय त्यात १२ टक्के क्रोमियम आहे असं वाचलं, म्हणजे ते स्टेनलेसच झालं ना? आणि ते लहरी लहरी नक्षीवालं दमास्कस खरंच जास्त चांगलं असतं का?

पोलादवाचक
डी२ स्टेनलेस नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. त्यात कार्बन आहे १.५ टक्का, म्हणजे भरपूर. हा कार्बन क्रोमियमला पकडून क्रोमियम कार्बाइड बनवतो. गंज अडवायला लागतं ते मोकळं, स्टीलमध्ये विरघळलेलं क्रोमियम, आणि कार्बाइडमध्ये अडकलेलं त्या कामाचं राहत नाही. म्हणून कागदावर १२ टक्के दिसले तरी प्रत्यक्षात ओल राहिली की डाग पडतात. ह्याच गणितावर २०२१ साली आलेलं मॅग्नाकट उभं आहे, लॅरिन थॉमस ह्या धातुशास्त्रज्ञाने त्याची रचना अशी केली की कडक केल्यावर क्रोमियम कार्बाइड जवळजवळ राहतच नाहीत, त्यामुळे १०.७ टक्के क्रोमियममध्येच ते डी२पेक्षा कितीतरी कमी गंजतं, आणि चिवटही आहे. वाचून थक्क व्हायला होतं.

दमास्कसचं म्हणाल तर हल्ली मिळतं ते दोन स्टीलचे थर एकत्र घडवलेलं, बऱ्याचदा १०९५ आणि १५एन२०. दुसऱ्यात २ टक्के निकेल असतं, ॲसिडमध्ये बुडवलं की ते उजळ राहतं आणि १०९५ काळं पडतं, तीच नक्षी. सुंदर असतं, मलाही आवडतं, पण कापायचं काम त्या दोन स्टीलपेक्षा वेगळं काही करत नाही. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच नक्षीदार सुऱ्यांमध्ये तर नक्षी फक्त बाहेरच्या मऊ आवरणात असते, धार मधल्या व्हीजी-१० ह्या स्टेनलेस स्टीलची. धारेजवळ नक्षी संपून साधा पट्टा दिसतो तो तोच. आपल्याकडे भारतात पूर्वी बनायचं ते जुनं वूट्झ पोलाद हे पूर्णपणे वेगळं प्रकरण, त्यातली नक्षी मुशीत ओतलेल्या एकाच गोळ्यातल्या कार्बाइडच्या रांगांमुळे येते, थर जोडून नाही.

पुठ्ठाकापे
डी२ला उगाच मोडीत काढू नका हो. मी गोदामात दिवसभर पुठ्ठा आणि नायलॉनच्या दोऱ्या कापतो, पुठ्ठा धार खातो हे ज्याने कापलाय त्यालाच माहीत, आणि ह्या कामात डी२ माझ्याकडच्या ४४०सीपेक्षा जास्त टिकतं. कोरडं काम, आपटाआपटी नाही, तिथे ते राजा आहे. तेलाचा हात फिरवला की गंज पण नाही.

भट्टीवाला
पुठ्ठाकापे, तुमच्या कामाला ते बरोबरच आहे, वाद नाही. पण हे जंगलात ढलप्या काढणार, म्हणजे पात्याच्या पाठीवर लाकडाने ठोकणार, गाठी मध्ये येणार, पातं पिळणार. डी२मधले मोठे कार्बाइड अशा वेळी तडा सुरू व्हायची जागा होतात. तिथे मी ५१६० किंवा १०७५च देईन, एचआरसी ५७च्या आसपास, पातं चार मिलिमीटरच्या घरात, आणि स्टील मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. धार वळली तर वळेल, दगडावर परत सरळ होते. टवका उडाला की मात्र आख्खी धार मागे न्यावी लागते.

गंजेल, हो, गंजेलच दुर्लक्ष केलं तर. वापरून पुसायचं आणि खाद्यतेलाचा पातळ हात. हळूहळू करडा निळसर थर चढतो तो घासून काढू नका, तो राहू द्या, लाल गंज तेवढा काढायचा.

डोंगरभटक्या
ठरलं मग, घरी १४सी२८एन आणि जंगलाला ५१६०. भट्टीवाला, चामड्याचं म्यान घेऊ ना त्याला?

भट्टीवाला
प्रवासात कमरेला असताना घ्या, चामड्यासारखं दुसरं नाही. पण घरी आल्यावर चाकू त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरलेली असतात, कार्बन स्टीलला म्यानाच्या आतच ठिपके ठिपके पडतात आणि पुढच्या वेळी बाहेर काढेपर्यंत कळत नाही. पुसून, तेल लावून, कोरड्या कापडात वेगळा ठेवा, म्यान उघडं टांगा.

सहाणेवरची
आणि ५१६०ला पहिली धार २२ अंशांच्या आसपास लावा, काही दिवस वापरून बघा. वळत नसेल तर पुढच्या वेळी २० करा. फोटो टाका दोन्हीचे आले की.