शब्दचर्चा: शाफ्ट ‘बसला’ म्हणजे चांगलं की वाईट?

म्हापसा:
बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर मोटरसायकलचा ड्राइव्ह शाफ्ट घरी कसा काढायचा आणि परत बसवायचा, याचं टिपण मित्रांसाठी मराठीत लिहितोय. ड्राइव्ह शाफ्टला ‘आस’ चालेल का? आणि ‘शाफ्ट बसला की टक् आवाज येतो’ असं लिहिलं, तर बायको विचारते, बसला म्हणजे बिघडला ना?

फोंडा:
‘आस’ नको. ज्याच्याभोवती चाक फिरतं तो आस. बैलगाडीचा आस स्वतः फिरत नाही, नुसता भार पेलतो. शाफ्ट स्वतः फिरतो आणि गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकाकडे नेतो. पुस्तकी ‘चालक दंड’ लिहिलंत तर लोक पोलिसाची पावती शोधतील. शाफ्टच ठेवा.

डिचोली:
वहिनींचं खोटं नाही. घसा बसतो, धंदा बसतो, पावसात मातीची भिंत बसते, इंजिन बसतं. सगळं वाईटच. पण घडी बसते, कामावर हात बसतो, ते चांगलं. माझ्या मते वस्तू आहे तिथेच खचली तर बिघाड, ठरलेल्या जागी जाऊन टेकली तर काम फत्ते. म्हणून जागा सांगा: ‘शाफ्ट गिअरबॉक्सच्या दात्यांवर पूर्ण बसला’.
शिवाय ‘बसवला’ ही आपली करणी, ‘बसला’ हा तिचा निकाल. ‘बसवला, पण बसला नाही’ हे वाक्य गॅरेजात रोज ऐकू येतं. शाफ्ट दात्यांवर सरकतो, आपण खूश होतो, आणि सर्क्लिप, म्हणजे शाफ्टला जागेवर धरून ठेवणारी कडी, खाचेत पडलेलीच नसते. हलकेच मागे ओढून बघायचा. आला तर बसला नव्हता.

म्हापसा:
दाते? मी ‘आटे’ लिहिलं होतं.

पेडणे:
आटे नट-बोल्टाला हो दादा, गोल वळत जाणारे. शाफ्ट ज्यांवर सरकून अडकतो ते दाते, म्हणजे स्प्लाइन, शाफ्टच्या लांबीने सरळ असतात. ‘आटे’ वाचून एखादा बिचारा शाफ्ट पिळून काढायला बसेल. तो सरळ मागे ओढायचा असतो.
‘गंजले’ आणि ‘झिजले’ यांचीही गल्लत नको. आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शाफ्टवरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला की पाणी आत, आणि दात्यांत तांबडी भुकटी. तो गंज, वरवरचा असेल तर घासून, पुसून मॉली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस लावता येतं. दाते टोकाला निमुळते झाले असतील तर ती झीज, तिला ग्रीसचा उपाय नाही.

फोंडा:
‘फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकाजवळची गिअरपेटी) उतरवा’ असं लिहिलं असेल तर बदला. उतरवा म्हटलं की लोक तो अख्खा सुटा करून जमिनीवर ठेवतील. मागचं चाक काढल्यावर, ब्रेकचा कॅलिपर आणि एबीएसचा सेन्सर बाजूला घेऊन, टॉर्क आर्मचा, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, बोल्ट सोडवून तो फक्त खाली झुकवायचा. ‘खोला’ तर कुठेच नको. मराठीत बोल्ट सोडवतात आणि पार्ट काढतात.

डिचोली:
शाफ्ट मधून दोन तुकड्यांत सुटणारा असेल तर वेगळा करण्याआधी दोन्ही भागांवर पेंटची खूण करा, हे ठळक लिहा. जोडताना दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यातल्या फुलीचे) चिमटे ठरल्याप्रमाणे जुळले नाहीत, तर एका क्रॉसने फिरण्याच्या वेगात केलेला चढउतार दुसरा पुसत नाही आणि गाडी थरथरते. ‘थरथर’च लिहा हं, ‘हादरे’ नको. हादरे आपल्या रस्त्यांवर नव्याकोऱ्या शाफ्टलाही बसतात.