विषय: विठ्ठलवाडीचा तळमजला, टोकन शुक्रवारपर्यंत

नमस्कार मंडळी,

बावधनच्या फ्लॅटचं मागे लिहिलं होतं, ते फिसकटलं. आता पुण्यात सिंहगड रोडला विठ्ठलवाडीच्या बाजूला तळमजल्याचा टू बीएचके मिळतोय. मागे छोटी बाग, 90 लाख. बाबांच्या गुडघ्यांमुळे तळमजलाच हवा, बिल्डिंगला लिफ्ट नाही.

एजंटने सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, मालक बदलल्याच्या नोंदी असतात त्या मागच्या बाजूचासुद्धा. पहिला मालक 2003 चा. मग नावं चढलीत ती अशी: मार्च 2014, एप्रिल 2017, फेब्रुवारी 2020, मे 2022, जानेवारी 2025. आत्ताच्या मालकाला दोन वर्षंही झालेली नाहीत. एजंट म्हणतो सगळे आयटीवाले, बदली झाली की निघून जातात. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढलाय, स्वच्छ आहे. तरी मन धजत नाही. असं सारखं हात बदललेलं घर कोणी घेतलंय का?

— दादा, ढोलपथक

*

दादा,

हा प्रश्न आपल्या भारत-व्यवहारच्या ईमेल यादीवर टाकायला हवा होता, भारतातल्या घरा-पैशांच्या प्रश्नांसाठीच ती आहे. तीन वर्षं मी ती चालवतोय ती याचसाठी. असो, आता विचारलंच आहेस तर सांगतो.

बदलीचं कारण मला पटत नाही. बदली झाली तर माणूस फ्लॅट भाड्याने देतो, विकत नाही. आजच्या भावाने हिशेब कर. 90 लाखांवर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 6 लाख 30 हजार, वर नोंदणीचे 30 हजार, शिवाय एजंट आणि सामानसुमान. चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन धरला जातो, त्यावर स्लॅबप्रमाणे कर. एवढा भुर्दंड सोसून जो बाहेर पडतो, त्याला राहवत नाही म्हणून पडतो.

दुसरं, विकणारा सध्या राहतो कुठे ते नक्की कर. तो भारतात राहणारा असेल तर 50 लाखांवरच्या व्यवहारात तू 1 टक्का कर कापायचा. तो आपल्यासारखाच परदेशात राहणारा असेल तर 1 टक्क्याचा नियम लागू नाही, कपात बरीच जास्त असते आणि ती कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. आपल्यातल्या एकाने हे ऐकलं नव्हतं. नंतर किती धावपळ झाली ते सगळ्यांना माहीत आहे.

— नाना, भारत-व्यवहार

*

नाना, वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते तेही सांगा की. 90 हजार वाचतात.

आणि दादा, मुख्य दार कुठल्या दिशेला आहे? नैऋत्येला असेल तर घर टिकत नाही. माझ्या नणंदेने कर्वेनगरला असंच घेतलं, दीड वर्षात सोडलं.

— ताई, मराठी शाळा

*

ताई, आमच्या सासूबाईंच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचं दार नैऋत्येलाच होतं. तीन पिढ्या त्याच दारातून गेल्या-आल्या. दिशेला बोल लावू नका.

सवलतीचं बरोबर आहे, पण घेणाऱ्यांत पुरुषाचं नाव असेल तर ती मिळत नाही. दादाचं कर्ज जोडीने मंजूर झालंय असं तो गणपतीच्या मीटिंगला म्हणाला होता. आधी बँकेला विचारा.

— खजिनदार

*

चिरंजीव दादास,

तुम्ही सगळे कागद बघताय. विठ्ठलवाडी म्हणजे मुठेचा काठ, हे कोणी बोललंच नाही. तिथे पाणी येतं का?

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. शनिवार पेठेत राहायचो. वडिलांनी आम्हा तिघा भावंडांना पर्वतीवर नेलं, आई मागाहून आजीला धरून आली. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता आणि त्याचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. आमच्या शेजारचे गोखलेनगरला गेले ते कायमचेच. धाकट्या भावाला अजून पाऊस लागला की झोप येत नाही. तुझ्या बाबांचं वय काय, ते एकदा लक्षात घे.

— माई

*

माईंनी नेमकं बोट ठेवलं. दादा, तुझ्या तारखा पुन्हा बघ. 2019 च्या पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत मोठे विसर्ग झाले, फेब्रुवारी 2020 ला फ्लॅट विकला गेला. 25 जुलै 2024 ला विठ्ठलवाडीजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं, जानेवारी 2025 ला पुन्हा विकला गेला. त्या दिवशी विसर्ग 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट पाणी) आसपास होता. निळी पूररेषा, म्हणजे नकाशावर पाणी जिथवर येईल असं धरलंय ती रेषा, 60 हजारांची आहे. म्हणजे रेषेच्या कितीतरी आधीच लोकांच्या घरात पाणी होतं.

आणि सगळ्या नोंदी जानेवारी ते मे मधल्या आहेत. कोरड्या दिवसांत घर छानच दिसतं.

— खजिनदार

*

पण 2014, 2017 आणि 2022 चं काय? त्याआधी तर पुराचं काही ऐकलेलं नाही. आणि सर्च रिपोर्टमध्ये एक अक्षरही नाही.

— दादा

*

सर्च रिपोर्टमध्ये येणारच नाही. वकील बोजा बघतो, हक्क बघतो, गहाणखत बघतो. पाण्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नसते. पूररेषा महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर बघायची असते. हे मी मागच्या वर्षीच्या टिपणात लिहिलं होतं.

— नाना

*

दादा, मी काल संध्याकाळी जाऊन आलो. फोन लागला नाही म्हणून इथेच लिहितो.

एजंट आत दाखवत होता तोवर मी भिंती बघितल्या. प्लास्टर कमरेपर्यंत नवं, वर जुनं. रंग एकच मारलाय, पण हात फिरवला की कळतं. सगळे स्विचबोर्ड छातीच्या उंचीवर. फ्रिज विटांच्या ओट्यावर ठेवलाय. बाहेरच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी खाचा आहेत, त्यात फळी बसते. कशासाठी म्हणून विचारलं, तर एजंट म्हणाला कुत्री येऊ नयेत म्हणून.

मग जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्या 2003 पासून तिथे आहेत. त्यांनी चहा दिला आणि सगळं सांगितलं. 2017 ला ज्याने विकलं त्याची बदली झाली होती, एजंट तेवढं खरं बोलतोय. 2022 ला मालकाची आई गेली, वाटण्या झाल्या. 2014 चं त्यांना आठवत नाही. पण 2019 ला पार्किंगमध्ये पाणी आलं आणि 2024 ला पहाटे घरात. गाद्या, कागदपत्रं, इन्व्हर्टर, सगळं गेलं.

मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. मी विचारलं, बाकीच्यांचं काय? तळमजल्यावर चार फ्लॅट आहेत, बाकीचे तीनही दोन-तीनदा विकले गेलेत. वरच्या बारांपैकी दहांमध्ये पहिलेच मालक आहेत. आपण इतके दिवस एकाच सर्टिफिकेटची मागची बाजू वाचत बसलो होतो, शेजारच्यांची वाचायला हवी होती. सोसायटीचं काही वाईट नाही, माणसं चांगली आहेत, देखभाल नीट आहे. लोक फक्त तळमजला सोडून जातात.

— आप्पा, मुक्काम पुणे

*

आप्पा, तुम्ही आणि माई दोघांचे पाय धरायला हवेत. एजंटला आत्ताच कळवलं, टोकन देत नाही.

रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं, माईंचं पत्रसुद्धा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, अठरा पायऱ्या मी धरून धरून चढेन, पण पहाटे अंधारात पाण्यातून उठून पळायला मला जमणार नाही.

आप्पा, वरच्या बारांपैकी जे दोन फ्लॅट विकले गेले ते कुठल्या मजल्यावरचे? पहिल्या मजल्यावर कोणी देणारं असेल तर काकूंना विचाराल का? जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवायला सोसायटी परवानगी देईल का, तेही. खर्च मी करीन.

— दादा