कोव्हच्या कॅथेड्रलची फरशी: वास्तू आतूनही जपायची का?

हार्बरकर

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातून कोव्ह या बंदराच्या गावाला रेल्वेनं जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच. समुद्रकाठच्या रस्त्यावरून मान वर केली की उतारावर एकाच्या खांद्याला दुसरं टेकलेली वेस्ट व्ह्यूची रंगीत घरं दिसतात आणि त्यांच्या मागे सेंट कोलमन कॅथेड्रलचा मनोरा. पाहुणे टायटॅनिकचं विचारतात, कारण ११ एप्रिल १९१२ ला तिनं शेवटचा नांगर याच बंदरात टाकला होता. गावाचं नाव तेव्हा क्वीन्सटाउन होतं.

मला मात्र २००६ च्या एका निर्णयावर बोलायचं आहे. त्या वेळच्या बिशपांना कॅथेड्रलच्या आत बदल करायचे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६०च्या दशकात कॅथलिक चर्चनं उपासनेची पद्धत बदलली, त्यानंतरच्या) उपासनेला सोयीचं म्हणून वेदीचा चौथरा लोकांच्या दिशेनं पुढे आणायचा, वेदीपुढचा कठडा हलवायचा, मोझेकची (लहान तुकड्यांच्या नक्षीची) फरशी काढायची, असा बेत होता. नगर परिषदेनं २००५ मध्ये परवानगी दिली. गावातल्या भाविकांनीच वरच्या नियोजन मंडळाकडे, म्हणजे अन बोर्ड प्लॅनॉलाकडे अपील केलं आणि २००६ मध्ये मंडळानं परवानगी नाकारली.

मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. एडवर्ड वेल्बी प्युजिन आणि जॉर्ज अ‍ॅशलिन यांच्या आराखड्यावर १८६८ मध्ये सुरू झालेलं काम १९१९ पर्यंत चाललं. पन्नास वर्षं! गावातल्या लोकांनी आणि याच बंदरातून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांनी पैसे पाठवले. ते कुण्या एका बिशपाच्या कारकिर्दीपुरतं कसं असेल?

सायली_कॉर्क

दादा, मला पटत नाही. मी तिथे दर्शनाला जाणारी नाही, पण माझी शेजारीण जाते. तिच्यासाठी ते चालतं-बोलतं देऊळ आहे. वेदी कुठे असावी हे धर्मगुरू आणि भाविकांनी ठरवायचं की सरकारी मंडळानं? नियोजनाच्या २००० च्या कायद्यातच लिहिलंय की प्रार्थनास्थळाच्या बाबतीत उपासनेच्या गरजा लक्षात घ्याव्यात. मग घेतल्या का? उद्या वृद्धांना चढायला त्रास होतो म्हणून पायरी बदलायची झाली तरी आधी वारसावाल्यांना विचारायचं? देवळातली माणसं बदलतात, पूजा बदलते, तसं देऊळही थोडं बदलणारच.

चुनखडी

मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आयर्लंडच्या कायद्यात 'संरक्षित वास्तू' म्हणजे नुसता दर्शनी भाग नव्हे. आतली जागा, भिंतींना जोडलेल्या वस्तू, वास्तूभोवतीचं आवार, सगळं त्यात येतं. 'आत काय वाटेल ते करा, बाहेरून रूप राखा' हे तिथे मुळातच चालत नाही.

दुसरं, मोझेक म्हणजे उचलून पुन्हा मांडायच्या लाद्या नव्हेत. बोटाच्या पेराहून लहान तुकडे गिलाव्याच्या थरात बसवलेले असतात. ते काढताना थर फुटतो, तुकडे फुटतात आणि परत बसवले की सांध्यांची रेषा हलते. शिवाय अशा गॉथिक (मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या धर्तीच्या) वास्तूत फरशीची नक्षी वेदीकडे नेणारी असते. वेदी पुढे सरकवली की नक्षी मधेच तुटते. मंडळानं उपासनेचा मुद्दा ऐकलाच नाही, असंही नाही. सुनावणी झाली, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. पण वास्तूची हानी त्यांना जास्त मोठी वाटली. सायलीताई, पायरीला कठडा लावणं आणि फरशी उखडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दर्याकाठी

कॅथेड्रल भव्य आहे, त्याच्यासाठी गाव उभं राहतं. आमच्यासारख्यांचं काय? आम्ही दुसऱ्या एका बंदराच्या गावात जुन्या रांगेतलं घर घेतलं. वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, पल्ला दोरी-वजनानं तोललेला. एकीची दोरी तुटली, आतलं लोखंडी वजन भिंतीच्या पोकळीत पडलं आणि तो पल्ला आता वर राहतच नाही. जानेवारीत पडदा आपोआप हलतो. प्लॅस्टिकच्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवू म्हटलं तर परवानगी नाही.

रिकामं घर राहण्याजोगं करायला सरकार ५०,००० युरोपर्यंत अनुदान देतं, मोडकळीला आलं असेल तर ७०,००० पर्यंत. आम्ही पहिल्या दिवसापासून त्यात राहतोय, म्हणून आम्हाला त्यातलं काही नाही. वारसा सगळ्यांचा असेल तर थंडी एकट्या आम्ही का सोसायची? रागानं लिहितोय, पण मनापासून लिहितोय.

चुनखडी

@दर्याकाठी, पैशाबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. संरक्षित वास्तूंसाठी वेगळं अनुदान असतं, पण आधी स्वतःच्या खिशातून काम करून घ्यावं लागतं. तरुण कुटुंबाला ते झेपत नाही. हा कायद्याचा दोष आहे, खिडकीचा नाही.

खिडकीचं म्हणाल तर दोरी नवी घालता येते, वजन चौकटीतल्या खालच्या छोट्या सुट्या फळीतून काढता येतं. चौकटीला वारा अडवणारी पट्टी आणि आतल्या बाजूला दुसरी पातळ काच लावली की बराच फरक पडतो. आणि एक विनंती: भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जुनी दगडी भिंत चुन्यातून ओल बाहेर टाकते. सिमेंट लावलं की ओल आत अडकते आणि मग पोपडे पडतात.

हार्बरकर

दर्याकाठी यांनी नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं. कोव्हमध्येच बघा. टायटॅनिक चालवणाऱ्या व्हाइट स्टार लाइन कंपनीच्या जुन्या कचेरीत आता टायटॅनिकचं प्रदर्शन आहे. तिच्याच मागे तो लाकडी धक्का आहे, जिथून १२३ प्रवासी छोट्या बोटींत बसून टायटॅनिककडे गेले. त्याचे खांब वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात कुजत आले आहेत. ना भव्य, ना सुंदर, पण १८४८ ते १९५० या काळात सुमारे २५ लाख माणसं या गावातून देश सोडून गेली, त्यांची खरी खूण मला त्या कुजक्या लाकडातच दिसते.

सायली_कॉर्क

धक्क्याबद्दल पूर्ण सहमत, तिथे कुणाची पूजा अडत नाही. कॅथेड्रलबद्दल माझं मत तेच आहे. शेजारीण सांगते की अपील करणाऱ्यांत तिच्या ओळखीच्या रोज प्रार्थनेला जाणाऱ्या बायका होत्या आणि ती स्वतः बिशपांच्या बाजूनं होती. अजूनही त्या एकाच बाकावर बसतात म्हणे.

दर्याकाठी

@चुनखडी, ती छोटी फळी चौकटीच्या डाव्या बाजूला असते का? आमच्याकडे रंगाचे इतके थर आहेत की काहीच दिसत नाही.

चुनखडी

दोन्ही बाजूंना, आतल्या कडेला, खालून वीतभर वर. बोटानं हळूहळू चाचपा, रेघ लागेल.